हत्तीपाशी दिलेला चार्ज

अहो,

मीनलने आज सकाळी परत विचारलं. पोह्यांची बशी माझ्या हातात देता देता, सहज विचारल्यासारखं. "आई, त्या दिवशी बाबांना आधी काही होत होतं का? नीट आठवून सांग ना." मी म्हटलं, "नाही गं. एकदमच झालं सगळं." हेच मी दवाखान्यात सांगितलं, चोपड्याहून आलेल्या तुमच्या भावाला सांगितलं आणि तेरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. आता ते इतकं सफाईने तोंडातून निघतं की माझं मलाच खरं वाटायला लागेल अशी भीती वाटते. त्या होडीत आपण दोघंच होतो. मी खोटं बोलते आहे हे माहीत असलेलं दुसरं माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

काल तेरावा झाला. पंगती उठल्या, मांडववाला सतरंज्या घेऊन गेला. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, अंथरुणाला खिळला नाही, बायकोला नदीवर फिरवून आणलं आणि हिंडता-फिरता गेला. मी मान डोलवत होते आणि आतून धुमसत होते. तुमच्यावरच. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही गेलात म्हणून माझा स्वभाव बदलेल असं तुम्हालाही वाटलं नसेल.

रागाचं कारण तुमच्याच मिलमधलं आहे. कागदाची मशीन चोवीस तास चालते, माणसं पाळीने बदलतात. सुटणाऱ्याने येणाऱ्याला मशीनपाशी उभं करून तिचं सगळं दुखणं सांगायचं: कुठलं बेअरिंग तापतंय, कुठे तेल गळतंय, कुठला रोलर आवाज करतोय. मग म्हणायचं, "चार्ज दिला." येणाऱ्याने "घेतला" म्हटल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. आणि बिघाड लपवून चार्ज देणारा माणूस तुमच्या लेखी माणसातच नव्हता. एकदा एकाने तसं केलं, तर तुम्ही वर्षभर त्याच्याशी बोलला नाहीत, त्याच्या मुलीच्या लग्नाला मला एकटीला पाठवलंत. चौतीस वर्षं असा कडक राहिलेला माणूस मला मात्र बिघाड लपवून चार्ज देऊन गेला. तेरा दिवस मी हेच म्हणत होते, मनातल्या मनात, भांडी घासताना, दिव्याला तेल घालताना.

पण सुरुवात दुपारींपासून करायला हवी, कारण आपलं जुनं भांडण दुपारींचंच होतं.

रात्रपाळी असली की तुम्ही दुपारभर झोपायचात. त्या आठवड्यात मी कुकर लावायचे नाही, शिट्टी व्हायला नको म्हणून; डाळ पातेल्यात शिजायची. मीनल लहान होती तेव्हा तिला खेळायला शेजारी पाठवायचे. शाळेतून मी यायचे ती चपला हातात घेऊन. दुसऱ्या पाळीला तुम्ही दोनला जायचात ते रात्रीच उगवायचात. आणि पहिल्या पाळीहून आलात की जेवून लगेच घोरायला लागायचात. बायका नवऱ्याबरोबर दुपारी गप्पा मारत बसतात, पत्ते खेळतात, बाजारात जातात; मी पडदे ओढून, दबक्या पावलांनी फिरत आयुष्य काढलं. "माझ्या तीस वर्षांच्या दुपारी तुम्ही झोपून खाल्ल्यात," हे मी किती वेळा म्हटलं असेन! तुम्ही रिटायर होऊन आपण इथे बऱ्हाणपुरात राहायला आलो तरी म्हणत होते. मशीनच्या घरघरीने तुमचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे पुष्कळदा तुम्हाला ऐकू यायचं नाही, किंवा तुम्ही तसं दाखवायचात.

एकदा मात्र ऐकलंत. म्हणालात, "परत देतो ना तुझ्या दुपारी. एकेक करून देतो."

मग तापीच्या राजघाटावर तुमची कैलास नावाड्याशी गाठ पडली. त्याच्या होडीची मोटर पुराच्या पाण्यात बुडून दोन वर्षं मुकी पडली होती आणि तो वल्ह्यावर भागवत होता. तुम्ही ती मोटर रिक्षात घालून घरी आणलीत. तीन आठवडे आपल्या ओसरीत पेट्रोलचा वास. माझी जुनी परात तुम्ही नटबोल्ट धुवायला पळवलीत ती पळवलीतच. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, असं मी तुम्हाला बघितलं की मला हसू यायचं. हाक मारली तर ऐकू येत नाही आणि लोखंडाच्या पोटातलं बरोबर ऐकू येतं! मोटर सुरू झाली त्या दिवशी कैलास हरखून गेला. "काकाजी, तुम्ही तर इंजन नवंच करून टाकलं! काय देऊ सांगा." तुम्ही म्हणालात, "एक दुपार दे. होडी माझी, चालवणार मी. तू काठावर बस." शुक्रवार ठरला.

आणि मंगळवारपासून तुमचं छातीत जळजळायला लागलं.

"करपट ढेकर येऊन राहिले, बाकी काय नाही," तुम्ही म्हणालात. बुधवारी जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलात. मी मागे उभी होते. तुमचा चष्मा खिशात होता. मी त्याच संध्याकाळी जळगावच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली, आणि गुरुवारी इथेच कुणाला तरी दाखवू म्हणून तुमच्या मागे लागले. आपलं जोरात वाजलं. तुम्ही ताटावरून उठलात. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन, कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणालात, "मास्तरीणबाई, सोमवारी तू म्हणशील तिथे येतो. पण शुक्रवारी आजाराचं नाव नको. तेवढी दुपार आपली राहू दे. वचन दे ना."

मी दिलं. लगेच दिलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

शुक्रवारी थंडी उतरणीला लागली होती. ऊन असं की अंगावर घ्यावंसं वाटावं. मी कळण्याची भाकरी, ठेचा, केळ्याचे वेफर आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता. कैलासने आपल्याला ती नारिंगी लाइफ जाकिटं घातली आणि मी तुम्हाला म्हटलं, गॅसच्या सिलिंडरसारखे दिसताय. तुम्ही हसलात, पण जरा उशिरा हसलात. कैलास ओरडून सांगत होता, "पुलाच्या पलीकडे नका नेऊ हो काकाजी! तिकडे पानी कमी आहे, पंखा पत्थरला लागेल!" तुम्ही दोरी ओढलीत. मोटर दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. दोरी तुम्ही उजव्या हाताने ओढलीत. तुम्ही डावरे. मला तिथेच कळायला हवं होतं, म्हणजे कळलंच होतं.

नदी इतकी गप्प होती. तापीला मी पुरात पाहिलंय, पायऱ्या गिळताना पाहिलंय, तेव्हा भीती वाटली नव्हती. त्या दिवशी पाणी हलत नव्हतं आणि मला त्याच्याकडे बघवेना. किल्ल्याच्या भिंतीखालून गेलो तसा मोटरचा आवाज भिंतीवर आपटून दुप्पट होऊन परत आला. पलीकडच्या काठावर कुणाची तरी चिता जळत होती. तुम्ही मोटर मंद केलीत, हात जोडलेत आणि धूर मागे पडेपर्यंत तशीच मंद ठेवलीत. "कोण असेल हो?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "असेल कुणीतरी. त्याची सुट्टी झाली."

तरी सांगते, मी सुखात होते. याची मला आता लाज वाटते आणि वाटतही नाही. तुमच्या पांढऱ्या केसांवर ऊन पडलं होतं, दोन्ही काठांवर केळीच्या बागा, आणि शुक्रवारच्या भर दुपारी माझा नवरा जागा, माझ्यासमोर बसलेला. पुलाअलीकडे तुम्ही होडी वळवलीत. येताना नदीतल्या दगडी हत्तीपाशी मोटर बंद केलीत. पाणी ओसरल्यामुळे हत्तीची पाठ उघडी पडली होती, तिच्यावर एक बगळा बसला होता. मी भाकरी सोडली. तुम्ही म्हणालात, "तू खा. मला भूक नाही." कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर असताना तुम्ही भूक नाही म्हणालात. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

कपाळावर घाम होता. त्या हवेत. तुम्ही तो जाकिटाच्या पट्ट्याने पुसलात. मग मूठ वळून छातीच्या मधोमध दाबून धरलीत, दात आवळून, आणि तशीच धरून बसलात. मी पाहिलं. तुम्ही मान वर केलीत तेव्हा मी हत्तीकडे तोंड फिरवलं आणि म्हटलं, "आज केवढा मोठा दिसतोय नाही?"

हेच ते. हेच मी तेरा दिवस कुणाला सांगितलं नाही. वचन दिलं होतं म्हणून मी गप्प बसले, असं मी आधी स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. मी तुम्हाला दिलेली वचनं कितीदा मोडली आहेत. तुमच्या भावाशी भांडणार नाही हे वचन तर दर दिवाळीला मोडलं. मला ती दुपार हवी होती. मी तोंड उघडलं असतं तर ती तिथेच संपली असती. घाट समोर दिसत होता, दहा मिनिटांचं अंतर. मी ती दहा मिनिटं वाचवली नाहीत, खर्चली.

मग तुम्ही म्हणालात, "इकडे ये. माझ्या जागेवर बस."

"कशाला?"

"शिकून ठेव ना. हा चोक. ही दोरी, अशी झटक्यात ओढायची. दांड्याची मूठ पिळली की पळते, ढिली केली की हळू. हे लाल बटण दाबलं की बंद. भिऊन काय राहिली? पकड."

होडी डुगडुगली, आपण जागा बदलल्या. मला तिसऱ्या झटक्याला मोटर लावता आली आणि मी लहान पोरीसारखी ओरडले. आधी होडी उलट्या बाजूला वळली, मग जमलं. हत्तीभोवती मी दोन वळसे घातले. बगळा उडून गेला. तुम्ही पुढच्या फळीवर बसून माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं कौतुकाने बघताय. कौतुक होतंच, पण आता वाटतं, तुम्ही मापही घेत होतात की हिला एकटीला जमेल का.

तुम्ही हात वर केलात, मी मोटर मंद केली. मग तुम्ही मिलमधल्या त्याच सुरात सांगायला लागलात. "प्लग ओला होतो, पुसून लावायचा. डाव्या फळीखाली पाणी झिरपतं, डबा जवळ ठेवायचा. जोरात नेली की खोकते, घाबरायचं नाही, मूठ ढिली करायची. बाकी ओके. चार्ज दिला."

मी नुसती हसले.

"घेतला म्हण ना."

"नाही म्हणत. म्हटलं की तुम्ही घरी निघून जाल, पाळी संपली म्हणून."

"म्हण ना, सुनंदा."

तुम्ही मला नावाने कधी हाक मारता? अगं, मास्तरीणबाई, मीनलची आई. नाव ऐकल्यावर मी आणखीच हट्टाला पेटले. "नाही म्हणजे नाही. उरलेल्या दुपारी कोण देणार? या, बसा तुमच्या जागेवर." तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलंत, मान हलवलीत आणि मुकाट्याने परत मागे येऊन दांडा धरलात. होडी घाटाकडे वळवलीत. मी वेफर खात होते. करकर आवाज येत होता, तो अजून कानात आहे.

कैलास पायऱ्या उतरून पाण्यात आला, होडीचा दोर धरला. तुम्ही बसूनच होतात, दांड्यावर हात. तो म्हणाला, "उतरा ना काकाजी, आलो मी." तरी तुम्ही हलेनात. तीन आठवड्यांत त्याला तुमची रीत कळली होती, तो थट्टेने पाय जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "बरं, चार्ज घेतला साहेब!" तेव्हा तुम्ही दांडा सोडलात. त्याच्या खांद्याला धरून उतरलात, एक पायरी चढलात, दुसरी चढलात, तिसरीवर बसलात. म्हणालात, "जरा बसतो." मी थर्मास उघडला. चहा ओतला तेवढ्यात तुमचं डोकं कैलासच्या गुडघ्यावर गेलं होतं. तो रिक्षासाठी धावला, लोकांनी उचललं, पण दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी तुमच्या खिशातल्या वस्तू माझ्या ओंजळीत दिल्या: चष्मा, रुमाल आणि स्क्रू ड्रायव्हर.

तिसऱ्या दिवशी अस्थी त्याच होडीतून नेल्या. मोटर एका झटक्यात लागली. कैलास रडत रडत म्हणाला, "काकी, असं वाटून राहिलं, काकाजीच चलवून राहिले." मग म्हणाला, "तुम्ही धरता का?" मी मान फिरवली. एका परक्या माणसाच्या थट्टेच्या शब्दावर माझा नवरा जागा सोडून गेला, कारण माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. त्या दांड्याला मी कुठल्या तोंडाने हात लावणार होते?

एवढं लिहून दुपारी मी उठले आणि मीनलला सगळं सांगितलं. कॅलेंडर, डावा हात, भाकरी, मूठ, माझं तोंड फिरवणं. ती कपडे घड्या करत होती, तुमचा सदरा तिच्या हातात होता. "तू पाहिलंस?" तिने विचारलं. "पाहिलं." "आणि हत्ती बघत बसलीस?" मी हो म्हटलं. ती रडली नाही. म्हणाली, "आई, मी आत्ता काही बोलत नाही. बोलले तर वाईट बोलेन." सदरा तसाच अर्धा घडी केलेला ठेवून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. ते दार कधी उघडेल मला माहीत नाही. उघडलं तरी पूर्वीसारखं उघडेल का, तेही नाही. पण मी खोटं सांगितलेलं तिच्याकडे आता काही उरलेलं नाही.

मग मी चपला घातल्या आणि राजघाटावर आले. तुमच्या तिसऱ्या पायरीवर बसले आहे, वही मांडीवर आहे. अजून ऊन आहे. कैलास होडी बांधून जेवायला गेलाय, मोटर पाण्यातून वर उचलून ठेवली आहे. हत्तीची पाठ दिसते आहे.

इथे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तेरा दिवस मी तुमच्यावर रागावले की बिघाड लपवून चार्ज दिलात. पण तुम्ही माझ्यासमोर बसूनच मूठ दाबलीत ना? माझ्यासमोरच घाम पुसलात, माझ्यासमोरच भाकरी नाकारलीत. मी तोंड फिरवलं ते तुम्ही पाहिलंत, आणि मगच मला तुमच्या जागेवर बोलावलंत. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही काही लपवलं नव्हतं. येणाऱ्या पाळीने डोळे मिटून घेतले, त्यात सुटणाऱ्याचा काय दोष? माझा राग इतके दिवस चुकीच्या माणसावर होता.

तर आता रीतीने करू. प्लग ओला होतो, पुसून लावीन. डाव्या फळीखाली पाणी झिरपतं, डबा जवळ ठेवीन. मीनल बोलत नाही. बोलेल तेव्हा ऐकून घेईन, उलट बोलणार नाही. डावा हात उचलत नव्हता, छातीत दुखत होतं, मी पाहिलं होतं. सगळं ऐकलं. मिलच्या फाटकाबाहेर येऊन तुम्ही सायकलला टांग मारायचात, मागे वळून बघायचा नाहीत. तसेच जा. माझ्यासाठी थांबू नका.

घेतला.